ताट पडल्यावर कोण कुठे बघतं

ताई, मंगळवारी विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माझ्या हातात माइक दिला आणि मी तो सतरंजीवर ठेवून दिला. लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. रडू कुठलं, मला राग आवरत नव्हता. तुझ्या शाळेतल्या एक बाई नुकत्याच बोलून बसल्या होत्या की तू वरून काटेरी आणि आतून गोड, फणसासारखी. ज्यांना तू ग्राउंडवर रडेपर्यंत पळवलंस ते तुझे विद्यार्थी, आता पोटं सुटलेले बाप्ये, एकेक करून सांगत होते की पी.टी.च्या बाईंनी आम्हाला घडवलं. तू असतीस तर तिसऱ्या भाषणाला शिट्टी मारून सगळ्यांना रांगेत उभं केलं असतंस. माझी पाळी आली तेव्हा मला एवढंच सांगता आलं असतं की शेवटचे एकोणीस दिवस आम्ही बहिणी एकमेकींशी बोललो नाही, आणि त्याआधी शेवटचं जे झालं ते म्हणजे मी तुझ्या थोबाडीत मारली. हे माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

तनूच्या कॅम्पचा फॉर्म अजून फ्रिजवर आहे, आंब्याच्या मॅग्नेटखाली. तुझं अक्षर, हजेरीपटावर असतं तसं सुटं सुटं. पालकाची सही तेवढी राहिली आहे. शनिवारपर्यंत फॉर्म पोचला नाही तर जागा जाईल असा कॅम्पच्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा मी हो हो म्हटलं आणि फ्रिज उघडून पाणी प्यायले.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. तनूला दहा पूर्ण झाली होती. मी दिवसभर लॅबमध्ये, महेश एअरपोर्टवर शिफ्टमध्ये, आणि मे महिन्याची सुट्टी तोंडावर. आदल्या वर्षीचा अख्खा मे पोरीने गळ्यात किल्ली अडकवून मोबाइलमध्ये काढला होता. मी तुला फोनवर म्हटलं, दहा दिवसांचा निवासी कॅम्प असतो, तिथे पाठवते. तू म्हणालीस की तू स्वतः बघितल्याशिवाय तुझी भाची कुठल्याही परक्या छपराखाली झोपणार नाही. मला जरा लागलं, आई मी आहे की तू. पण बरंही वाटलं. लहानपणापासून कुठलंही दार आधी तूच उघडायचीस आणि मी तुझ्या मागून आत जायचे.

पहिला कॅम्प कर्जतच्या पुढे होता. शनिवारी सकाळी महेशची गाडी घेऊन आपण दोघी निघालो, चालवायला तू. चारकोपच्या बाहेर पडेपर्यंत चार रिक्षावाल्यांचा उद्धार करून झाला होता. तिथे कुठल्यातरी शाळेची दोन दिवसांची सहल उतरली होती, म्हणजे मुलं बघायला मिळणार होती. टोपीवाल्या सरांनी आपल्याला दोरीचा पूल दाखवला, तंबू दाखवले, तळं दाखवलं. मी घरून यादी करून नेली होती, डॉक्टर किती लांब, पाणी कुठलं, रात्री मुलींबरोबर कोण झोपतं. तू त्यातला एकही प्रश्न विचारला नाहीस. मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बघितलीस, बाहेर आलीस आणि जेवायची वेळ काय ते विचारलंस.

जेवणाच्या शेडमध्ये पन्नासएक मुलं मांडी घालून बसली होती. तू वाढपाच्या टेबलावरून स्टीलचं एक ताट उचललंस, रांगांच्या मागून शांतपणे चालत गेलीस आणि ते कोब्यावर सोडून दिलंस. मला वाटलं निसटलं. तू तोंडाने अगं बाई, सॉरी हं असं काहीतरी म्हणालीसही. पण डोळे भलतीकडे होते. ताट गरगरत थांबेपर्यंत तू मुलांवरून नजर फिरवत होतीस, तपासणीला आल्यासारखी. मग त्या सरांचा चहाही न घेता तू मला गाडीत बसवलंस आणि सांगितलंस, हे नाही.

मी विचारलं, का? सगळं तर ठीक होतं. तू म्हणालीस, सहा पोरांची कोपरं वर गेली. मी म्हटलं, अगं, घरी मार खात असतील, त्यात कॅम्पवाल्यांचा काय दोष? तू गाडी बाजूला घेतलीस. तू रागावलीस की आधी गाडी बाजूला घ्यायचीस, हे तुझं एक बरं होतं.

"ती पोरं कुठे बघत होती ते बघितलंस?" तू म्हणालीस. "मार माहीत नसलेलं पोरगं ताटाकडे बघतं. मार माहीत असलेलं पोरगं मारणाऱ्याकडे बघतं. सहाच्या सहा त्या टोपीकडे बघत होती."

ताटाचा आवाज आपल्या दोघींना कुणी शिकवायला नको होता. घाटकोपरला डोंगरावरच्या आपल्या खोलीत अण्णा, म्हणजे आपले वडील, गोदामावरची वॉचमनची ड्यूटी संपवून यायचे, जेवायला बसायचे आणि भाजीत मीठ कमी असलं, जास्त असलं किंवा अगदी बेताचं असलं तरी ताट भिंतीवर फेकायचे. ताट खाली पडून फिरायचं थांबायच्या आत त्यांच्या कमरेचा पट्टा हातात आलेला असायचा. युनिफॉर्मचा पट्टा, पितळी बक्कल असलेला. आई भांड्यांकडे तोंड करून बसायची. तू मला भिंतीशी लोटून माझ्यावर ओणवी व्हायचीस आणि कोपर डोक्यावर घ्यायचीस. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू पंधराची. तुझ्या उजव्या कोपराखाली बक्कलाचा चौकोनी वण होता, तो कुणी विचारला की तू सायकलवरून पडले म्हणायचीस. माझ्या अंगावर अण्णांच्या पट्ट्याचा एकही वण नाही. हे मी कधी कुणाला सांगत नाही, कारण मग पुढचा प्रश्न येतो, कुणाच्या अंगावर आहेत.

दुसरा कॅम्प मुरबाडकडचा. माहितीपत्रकावर शिस्त, सहनशक्ती, आत्मविश्वास असं जाड अक्षरात छापलं होतं आणि मुलं चिखलातून सरपटत होती. तो मला आवडला होता, हे आता कबूल करते. तनू खोटं बोलायला लागली होती, उलट उत्तरं द्यायला लागली होती. मी गाडीत म्हटलं, थोडी शिस्त लागली तर बरंच आहे. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गिअर बदललास. तेव्हाच तुला काही कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

तिथे ताट पाडायची वेळच आली नाही. आपण फाटकातून आत गेलो तेव्हा मैदानावर मुली कोपरांवर सरपटत होत्या. बाराएक वर्षांची एक मुलगी मध्येच थांबली, तिला धाप लागली होती. शिट्टीवाल्या सरांनी हातातल्या वेताने तिच्या पोटऱ्यांवर सपकन एक दिली. ती रडली नाही. पुन्हा सरपटायला लागली. तू पर्स माझ्या हातात दिलीस, मैदान ओलांडलंस आणि त्या माणसाला म्हणालीस, बघू हो जरा छडी. त्याने दिली. एवढा बावळट माणूस. तू छडी वाकवून बघितलीस आणि त्याच्या पोटऱ्यांवर हाणलीस. एक. मग दुसरी त्याच जागी. तिसरीला तो गुडघ्यांवर आला आणि चिखलात पालथा पडला.

मग जे झालं ते मी महेशला आजवर नीट सांगितलेलं नाही. दोन माणसं धावत आली. एकाने तुझे केस धरले. तू मागे न बघता त्याच्या तोंडावर कोपर मारलंस, त्याचा ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त गळायला लागलं. दुसऱ्याने तुझा हात पिरगाळला तेव्हा मी त्याच्या दंडाला चावले. कडकडून चावले, ताई. तोंडात घाम आणि रक्ताची चव आली आणि मला सोडवेना. तू माझी मान धरून मला ओढलंस. आपण गाडीकडे पळालो, मागची काच एका दगडाने फुटली, आणि तू फाटकाचा बांबू तोडून गाडी बाहेर काढलीस. मुरबाडच्या अलीकडे एका धाब्यावर थांबून आपण हात धुतले. तुझी दोन बोटं सोलली होती. मी पर्समधला लॅबचा कापूस काढून पुसून दिली. तू म्हणालीस, तुझा हात किती हलका आहे गं. लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात. लहान पोरांच्या आया माझ्याच टेबलापाशी रांग लावतात, कारण माझी सुई लागत नाही. मग तू विचारलंस, महेशला काचेचं काय सांगायचं, आणि आपण दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

आपल्याला मजा आली होती. हे विहारात कोण बोलणार? तुला त्या माणसाला मारताना आणि मला चावताना मजा आली होती. घरी पोचेपर्यंत माझे हात गरम होते. त्या मुलीची आठवण आधी तुला झाली, मला नाही. तिच्या गणवेशावरून तू शाळा शोधून काढलीस आणि सोमवारी मुख्याध्यापिकेला फोनवर अर्धा तास झापलंस. मुलीला घरी आणल्याचं कळलं तेव्हाच तू गप्प बसलीस.

तिसरा कॅम्प जव्हारच्या रस्त्यावर, एका नवरा-बायकोने चालवलेला. दोरीचा पूल नाही, तळं नाही. एक विहीर, कौलारू खोल्या, आणि स्वयंपाकघरातून बाई सगळ्यांवर खेकसत होत्या. मी म्हटलं, ही तर तोंडाळच दिसते. तू म्हणालीस, तोंडाचं काही नाही, थांब. जेवताना तू ताट पाडलंस. तीस मुलांनी माना वळवून ताटाकडे बघितलं. कोपऱ्यातून एकजण ओरडला, "आउट!" आणि सगळी टाळ्या वाजवायला लागली. बाई आतून म्हणाल्या की ज्याने पाडलं त्याने घासायचं. तू बाह्या सरसावून ते ताट घासलंस. मग पिठलं-भाकरी खाल्लीस, दोनदा वाढून घेतलंस. तुझा चेहरा मी इतका सैल कधी बघितला नव्हता. परतताना तू रिक्षावाल्यांनासुद्धा जाऊ दिलंस.

दुसऱ्या दिवशी रविवार. तू मुलुंडहून आमच्याकडे जेवायला आलीस. मी मटण केलं होतं. तू टेबलाशी बसून फॉर्म भरत होतीस आणि तनू तुझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून वाचत होती. पोहता येतं का, कुठली गोळी चालत नाही, झोपेत बोलते का. एक प्रश्न होता, मुलीला कशाची भीती वाटते? तू तिला न विचारताच लिहिलंस, कशाचीच नाही, मावशीवर गेली आहे. तनू खिदळली. मी ओल्या हातांनी मांडणीवरून ताटं काढत होते. वरचं ताट निसटलं आणि लादीवर आदळलं.

तनूचं कोपर डोक्यावर गेलं. डोळे माझ्याकडे.

सगळं दोन सेकंदांचं. मी ताट उचललं. तू पेन धरून तशीच बसली होतीस. तू तनूकडे बघत नव्हतीस, माझ्याकडेही नाही. टेबलाखाली तिच्या पायांकडे बघत होतीस. ती घरी अर्धी चड्डी घालते. पोटऱ्यांवर आडव्या दोन रेघा होत्या, गुरुवारच्या.

तू पूर्ण जेवलीस. रस्सा मागून घेतलास, मीठ बरोबर आहे म्हणालीस. मग महेशला सांगितलंस की तनूला घेऊन खालून आइस्क्रीम आण, आणि ते दोघं लिफ्टमध्ये शिरल्यावर दार लावलंस.

"कशाने?" तू विचारलंस.

मी म्हटलं, काय कशाने?

"मारतेस कशाने?"

मी हाताने म्हटलं. मग म्हटलं, कधी कधी फूटपट्टीने. स्टीलची आहे, तेही सांगितलं, का कोण जाणे. आणि मग माझं तोंड सुटलं. तुला पोर नाही, तुला काय माहीत. गणिताचा पेपर गादीखाली लपवते, बापाची सही करते, मी आठ तास उभी राहून येते आणि ही मला कोण तू असं बघते. एक मारलं तर काय मरते का? तूही मारायचीस. अख्खी शाळा तुला घाबरायची. मुरबाडला तू त्या माणसाला लोळवलंस तेव्हा काय मोठी संत होतीस? मी ओरडत होते आणि तू खुर्चीच्या पाठीला धरून उभी होतीस.

तू आवाज चढवला नाहीस. आयुष्यभर चढवत आलीस आणि नेमका त्या दिवशी चढवला नाहीस. तू म्हणालीस, "माझ्या तासाला एकदा लेझमांची पेटी पडली. साठ पोरं होती. एकानेही पेटीकडे बघितलं नाही गं. सगळी माझ्याकडे बघत होती."

ताट पाडायची युक्ती तुला अण्णांनी शिकवली असं मी समजत होते. ती तुला तुझ्याच पोरांनी शिकवली होती. तू सांगितलंस की त्या दिवसापासून तू ट्रॅकपँटच्या खिशात हात घालून शिकवतेस. खरंच, दहा-अकरा वर्षं तू तशीच उभी असायचीस, लग्नातसुद्धा, आणि मी सगळ्यांदेखत तुझी टिंगल करायचे की ताईला साडी नको, खिसा पाहिजे. तू हसायचीस. सांगितलं का नाहीस?

तिथे थांबली असतीस तर मी कदाचित रडले असते. पण तू पुढे म्हणालीस, "तुझा हात अण्णांचा आहे."

मी मारली. डाव्या गालावर, पूर्ण हाताने. तुझी मान वळली, चष्मा सोफ्यामागे जाऊन पडला. तुझे दोन्ही हात खिशात होते. तू ते बाहेर काढले नाहीस. मुरबाडला एकाचं तोंड फोडणारी माझी बहीण माझ्यासमोर हात खिशात घालून उभी राहिली, दुसरी हवी तर दुसरी घे म्हणून. मला त्याचाच जास्त राग आला. मी म्हटलं, निघ माझ्या घरातून. तू सोफा सरकवून चष्मा शोधलास. टेबलापाशी थांबून काहीतरी केलंस, मी पाठ फिरवली होती. मग चपला घातल्यास. आइस्क्रीम घेऊन ते दोघं वर आले तेव्हा तनूने विचारलं, मावशी गेली? मी म्हटलं, काम निघालं.

तुझे चार फोन आले. मी घेतले नाहीत. बाराव्या दिवशी मेसेज आला, "फॉर्मवर सही कर. बाकी नंतर भांडू." मी वाचला. तुला दिसलं असणार, मी वाचल्याचं. उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, भांडू ना, आयुष्य पडलंय.

तुझ्या शाळेच्या सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा मी चार वर्षांच्या एका मुलाचा दंड बांधत होते. मुंगी चावेल एवढंच हं, असं म्हणत होते. रक्त घेतलं, पट्टी लावली, मग फोन उचलला. पाण्याचा टँकर सोसायटीच्या फाटकात रिव्हर्स घेत होता आणि तू मागे नारळवाल्यापाशी उभी होतीस. सकाळच्या प्रॅक्टिसनंतर नेहमीचं नारळपाणी. संध्याकाळी मी मुद्दाम तिथे गेले. नारळवाला धंदा बंद न करता बसला होता, रस्त्यावर रेती टाकली होती. मी बहीण म्हटल्यावर तो उठला. "मॅडमने हाथ ऐसा किया," तो म्हणाला, आणि कोयता उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन त्याने उजवं कोपर डोक्यावर नेलं.

मला त्याच्या हातातला कोयता घ्यावासा वाटला. टँकर अजून समोरच्या गल्लीत उभा होता, पोलिसांनी बाजूला लावलेला. मी जाऊन त्याच्या दारावर लाथा घातल्या. मग हाताने मारत राहिले, हाड दुखेपर्यंत. ड्रायव्हर आत नव्हता. एका हवालदाराने मला धरून बाकड्यावर बसवलं आणि पाणी दिलं. चांगला माणूस होता, त्याला मी शिव्या दिल्या. हॉस्पिटलमध्ये ओळख पटवायला चादर बाजूला केली तेव्हा चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी त्यांना उजवं कोपर दाखवायला सांगितलं. बक्कलाचा वण तसाच होता. हीच, मी म्हटलं.

तुझ्याशी एक भांडण अजून बाकी आहे, ते आत्ताच करते, नंतरचा भरवसा नाही. तू माझ्यावर ओणवी व्हायचीस म्हणून पट्टा कसा लागतो ते मला कधी कळलंच नाही. तुझ्या काखेतून मला फक्त अण्णांचा चेहरा दिसायचा. मारणारा कसा दिसतो तेवढंच मी शिकले, लागतं कसं ते तू माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाहीस. तुझा दोष काढते आहे का मी? हो, काढते आहे. आणि तू नसतीस तर मी त्या खोलीतून धड बाहेर आले नसते, हेही मला माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी वाटतं. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, निर्लज्ज आहेस. मग चहा टाक म्हणाली असतीस.

मी सुधारले असं लिहिता आलं तर किती बरं झालं असतं. परवा तनूने तुझी शिट्टी हरवली. पोलिसांनी तुझ्या वस्तूंबरोबर दिलेली, तीच. तिने ती गळ्यात घालून खाली खेळायला नेली आणि कुठे ठेवली तिला आठवेना. फूटपट्टी माझ्या हातात कधी आली मला कळलं नाही. एक बसलीच, ताई. दुसरीला हात वर गेला आणि तिने कोपर डोक्यावर घेतलं, आणि मला नारळवाला दिसला. मी फूटपट्टी टाकली. हात कुठे घालू कळेना, माझ्या गाऊनला खिसा नाही. दोन्ही हात काखेत दाबून मी किचनमध्ये उभी राहिले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून, भात करपेपर्यंत. शिट्टी मागाहून सापडली, चपलांच्या स्टँडमध्ये. महेशला मी सगळं सांगितलं, हे, आधीचं, मुरबाडचं, तुझ्या थोबाडीतलं. तो उठला. मग फूटपट्टी घेऊन बाहेर गेला आणि हात हलवत परत आला.

आज शुक्रवार. दुपारी मी लॅबमधून लवकर आले, फॉर्म खाली काढला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. तेव्हा कळलं, त्या दिवशी चपला घालायच्या आधी तू टेबलापाशी काय केलंस ते. मुलीला कशाची भीती वाटते, याच्यापुढचं तुझं उत्तर तू खोडलं होतंस. पट्टीने मारतात तशी एक सरळ रेघ, आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं. गाल लाल झालेला, चष्म्याची काडी वाकलेली, आणि त्या अवस्थेत तू पेन उघडून ते खोडलंस. जागा माझ्यासाठी ठेवलीस.

मी तनूला बोलावलं आणि पेन तिला दिलं. म्हटलं, हे तुझं तू लिही. तिने खूप विचार केला. मग लिहिलं, झुरळाची. आणि लिहून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, चाललं का असं. फॉर्मकडे नाही बघितलं, माझ्याकडे.

मी तिच्या हातातून पेन घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं, टँकरवर आपटलेलं मनगट अजून सुजलेलं आहे. तिच्या झुरळाखाली मी लिहिलं, आणि आईची.

तनूने ते वाचलं. पुन्हा वाचलं. ते खोटं आहे असं ती म्हणाली नाही, ताई. तिने फक्त विचारलं, "मम्मी, हे वाचून ते मला नाही तर म्हणणार नाहीत ना?"

मी म्हटलं, नाही म्हणणार. आणि पालकाची सही लिहिलेल्या रेघेवर सही केली.